अर्जात नवरा कमी, मुलगी जास्त लिहा

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी इंदूरची, सध्या लोकमान्य नगरात माहेरी राहते. लग्नाला नऊ वर्षं झाली. दिवाळीनंतर भांडण विकोपाला गेलं आणि मी धाकट्या मुलाला (वय ३) घेऊन रात्रीच निघून आले. मोठी मुलगी (वय ७) गाढ झोपली होती, तिला सकाळी आणू असं वाटलं. सकाळी गेले तर दारच उघडलं नाही. तेव्हापासून ती विजय नगरला नवऱ्याकडे आणि सासूबाईंकडे आहे. तीन महिन्यांत दोनदा भेटले, तेही बिल्डिंगच्या गेटवर. आता नवऱ्यानं घटस्फोटाची केस टाकली आहे, नोटीस आली, पुढच्या महिन्यात पेशी आहे. तो म्हणतो, "तुला शाळेत चौदा हजार मिळतात, कोर्ट मुलगी मलाच देईल." एप्रिलपासून तिला पुण्याला आत्याकडे शिकायला ठेवण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. शेजारचे काका म्हणतात, मूल पाच वर्षांचं झालं की आईचा हक्क संपतो. माझा भाऊ म्हणतो, शाळा सुटताना सरळ घेऊन येऊ, मग बघू काय होतं ते. केस चालेल तोवर मुलगी माझ्याकडे राहू शकेल का? आणि एक विचारायचं होतं. सासूबाई तिला खरंच जीव लावतात. हे कोर्टात कबूल केलं तर माझं नुकसान होईल का?
— एक आई, इंदूर

उत्तर : ताई, आधी भावाला थांबवा. बाकी सगळं मग.

शाळेच्या गेटवरून मूल उचलून आणायची ही कल्पना मी सत्तावीस वर्षांत इतक्या भावांच्या तोंडून ऐकली आहे, की हल्ली अशील खुर्चीत नीट बसायच्या आत मी विचारते, "मामा आहे का घरात, आणि तो तापट आहे का?" आई-बापापैकी एकानं मूल नेलं तर पोलीस बहुतेक वेळा "घर का मामला है, कोर्ट जाइए" म्हणून हात झटकतात. मामाचं तसं नाही. तो मुलीचा पालक नाही. त्याच्यावर अपहरणाची तक्रार होऊ शकते, आणि मग मुलीचं राहतं बाजूला, घरभर जामिनाची धावपळ सुरू होते. शिवाय "सकाळी दार उघडलं नाही" ही तक्रार आज तुमच्या हातात आहे. मुलगी पळवून आणलीत की तक्रार करण्याची पाळी त्यांची.

आता तुम्हाला काय करता येतं ते सांगते. केस नवऱ्यानं टाकली म्हणून तुम्ही वेगळी केस टाकायला हवी असं नाही. त्याच्याच केसमध्ये हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली तुम्ही अर्ज देऊ शकता. मुलांचा ताबा, त्यांचा खर्च आणि शिक्षण, या तिन्हींबद्दल न्यायालय निकाल लागेपर्यंतची व्यवस्था त्यावर लावू शकतं. आपल्याकडे कागद हिंदीत असतात, त्यामुळे "ताबा" हा शब्द शोधत बसू नका. तिथे "अंतरिम अभिरक्षा" असं लिहिलेलं असेल. "संरक्षकता" म्हणजे पालकत्व, ते निराळं. एका अशिलाच्या जुन्या अर्जात टायपिस्टनं अभिरक्षेच्या जागी सगळीकडे संरक्षकता छापून ठेवलं होतं आणि दोन तारखा नुसत्या ते निस्तरण्यात गेल्या. अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका, मग वकील कितीही घाईत असो. (आम्ही कायम घाईतच असतो.)

शेजारच्या काकांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेल्या गोष्टी जास्त त्रास देतात. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. म्हणजे धाकट्याची काळजी तूर्त सोडा. पण सहाव्या वर्षी आईचा हक्क संपतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पाचनंतर कायद्याचा तो कल राहत नाही, एवढंच. तिथून पुढे त्याच कायद्याचं कलम १३ पाहायचं : मुलाचं हित सर्वांत वर, बापाच्या आणि आईच्या हक्काच्याही वर.

त्याच कलम ६ वर बोट ठेवून उद्या समोरचे वकील म्हणतील की नैसर्गिक पालक बाप, आणि "त्याच्यानंतर" आई. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा गीता हरिहरन प्रकरणातला निकाल आहे. प्रकरण सुरू झालं ते रिझर्व्ह बँकेच्या बॉण्डच्या अर्जावरून. मुलाच्या नावानं बॉण्ड घ्यायचे होते आणि पालक म्हणून आईची सही चालेना. न्यायालयानं सांगितलं की "नंतर" याचा अर्थ बाप वारल्यानंतर असाच घ्यायचा नाही. तुमच्या वकिलांना हे ठाऊक असेलच, पण रात्री झोप लागत नाही तेव्हा अशा चार गोष्टी आपल्यालाही ठाऊक असाव्यात.

आता तुमच्या पत्राबद्दल. छापताना मी ते लहान केलं आहे. मूळ पत्र अकरा पानांचं होतं. साडेनऊ पानं नवऱ्यावर, एक पान नणंदेवर, आणि मुलगी शेवटच्या अर्ध्या पानावर. तिथे तुम्ही सहज लिहून गेला आहात की सर्दी झाली की तिच्या छातीत घरघर सुरू होते, आणि पंप देण्याआधी पाठीवरून हात फिरवावा लागतो, नाहीतर ती श्वास धरून बसते. ताई, तुमच्या अर्जाची सुरुवात इथून व्हायला हवी.

मी हे शहाणपण फुकटात शिकलेले नाही. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बापाच्या वतीनं मी अठरा पानी अर्ज लिहिला होता. भाषा अशी की माझी मीच खूश. बायको कशी बेजबाबदार, माहेरचे कसे कानभरू, सगळं मुद्देसूद. न्यायाधीशांनी पानं चाळली आणि माझ्या अशिलाकडे बघून विचारलं, "बच्ची की क्लास टीचर का नाम क्या है?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी अर्जाकडे पाहिलं. अठरा पानांत ते नाव नव्हतं.

तेव्हापासून ताब्याचं काम आलं की मी अशिलाला घरी पाठवते आणि मुलाचा एक दिवस लिहून आणायला सांगते. सकाळी कोण उठवतं, दूध साखर घालून की बिनसाखरेचं, वेणी कोण घालतं, व्हॅनवाले भैया किती वाजता हॉर्न देतात, डब्यातलं काय परत येतं, अभ्यास कुणाजवळ बसून होतो, रात्री कशाची भीती वाटते. वाचायला हे फार घरगुती वाटतं. पण न्यायाधीशांना ठरवायचं असतं ते हेच : उद्या सकाळपासून हे सगळं कुणाच्या हातून नीट होईल. नवरा-बायकोत चूक कुणाची, याचा निकाल मुख्य केसमध्ये लागेल तेव्हा लागेल. त्याला कदाचित वर्षं जातील.

दिवस लिहून झाला की त्याचे पुरावे गोळा करा. शाळेच्या डायरीवरच्या तुमच्या सह्या, पालकसभेच्या हजेऱ्या, लसीकरणाचं कार्ड, छातीच्या त्रासाची डॉक्टरांची फाइल, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ विचारणारे तुमचे मेसेज. दिवाळीपर्यंतची सात वर्षं त्या पोरीचं कोण करत होतं, ते या चिठ्ठ्या-चपाट्यांतून दिसतं. नातेवाइकांची शपथपत्रं कमी जोडा. तुमची मावशी तुमच्या बाजूनं बोलणार हे न्यायाधीशांनाही माहीत असतं.

त्या रात्रीचं काय, हे तुम्ही पत्रात तीनदा विचारलं आहे. मुलीला मागे ठेवून आले, हे त्यांच्या उत्तरात पहिल्या परिच्छेदात असणार, ठळक अक्षरात. म्हणून ते आधी तुमच्या अर्जात येऊ द्या, जसं घडलं तसं. ती झोपली होती, रात्री किती वाजले होते, सकाळी किती वाजता परत गेलात, कोण बरोबर होतं. त्यानंतर किती फोन केले, किती मेसेज टाकले, कोणत्या तारखांना गेटवर उभ्या राहिलात, हे सगळं तारीखवार लिहा. फोनमधले स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. तुम्ही तीन महिने गप्प बसला नव्हता, हे दिसायला हवं.

सासूबाईंचं विचारलंत, ते मला फार आवडलं. लिहा, बिनदिक्कत लिहा. "आजीचा मुलीवर जीव आहे, मुलगी माझ्याकडे आली तरी दर रविवारी आजीकडे जाईल." एवढं एक वाक्य तुमच्या अर्जाला किती वजन देईल याची तुम्हाला कल्पना नाही. मूल ज्याच्याकडे द्यायचं तो दुसऱ्या बाजूचं दार उघडं ठेवील की बंद करील, हे न्यायालय बघतं. दार बंद करून तर त्यांनीच दाखवलं आहे. तुम्ही उघडून दाखवा. आणि भावाबहिणीला शक्यतो वेगळं करू नये असा न्यायालयांचा एकूण कल असतो, तेव्हा धाकटा तुमच्याकडे आहे आणि ताई कुठे म्हणून रोज विचारतो, हेही यायला हवं.

पैशाचं. चौदा हजार पगार म्हणून मुलगी मिळणार नाही, हे नवऱ्याचं म्हणणं तुम्हाला घाबरवण्यापुरतंच आहे. ताबा म्हणजे लिलाव नव्हे, जास्त बोली लावील त्याला देऊन टाकायला. मूल कुणाजवळ राहील हा एक प्रश्न, त्याचा खर्च कोण देईल हा दुसरा. मुलांच्या खर्चाचा अर्ज कलम २६ खाली आणि तुमच्या स्वतःच्या पोटगीचा व केसच्या खर्चाचा कलम २४ खाली करता येतो. मुलांच्या खर्चाचा व शिक्षणाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. "शक्यतो" हा शब्द आमच्या धंद्यात फार ताणला जातो, पण आठवण करून द्यायला उपयोगी आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या कामात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यावं लागतं. नवरा खरंच किती कमावतो ते त्यानिमित्तानं कागदावर येईल. तुमचे चौदा हजारही लिहा, लपवू नका. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

पुण्याची गोष्ट सगळ्यांत घाईची आहे. म्हणून पेशीची वाट बघत बसू नका, अर्ज आधी तयार ठेवा आणि लवकर सुनावणीची विनंती जोडा. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं आणि मुलगी पुण्याच्या शाळेत बसू लागली, की "आता मधेच कशाला हलवायचं" हा मुद्दा तयार होतो. पालक व पाल्य कायदा, १८९० खाली वेगळा अर्ज करायची वेळ आली तर मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं न्यायालय पाहिलं जातं, त्यामुळे ती इंदूरची इंदुरातच राहणं सोयीचं. तेव्हा ताब्याच्या अर्जातच मागा की त्यावर निर्णय होईपर्यंत मुलीला इंदूरबाहेर राहायला नेऊ नये आणि शाळा बदलू नये. असा आदेश ताब्यापेक्षा लवकर मिळण्याची शक्यता असते, कारण त्यात कुणाकडून काही काढून घ्यायचं नसतं.

मागणी एकच ठेवू नका. पहिली मागणी ताब्याची. तो इतक्यात दिला नाही तर प्रत्येक शनिवार-रविवार मुलगी तुमच्याकडे, उन्हाळ्याची अर्धी सुट्टी तुमच्याकडे आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. वेळ अर्जातच घाला. "सोयीनुसार" असं लिहिलंत की सोय कधीच होत नाही.

पत्रातल्या दोन प्रसंगांबद्दल, जे मी छापलेले नाहीत. ते जसे लिहिले आहेत तसेच घडले असतील तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचा मार्गही खुला आहे. त्याच्या कलम २१ मध्ये मुलांच्या तात्पुरत्या ताब्याची तरतूद आहे. दोन प्रसंग असतील तर दोनच सांगा. दोनाचे सात करू नका. उलटतपासणीत पाच गळून पडतात आणि खरे दोनही सोबत घेऊन जातात.

एक शेवटचं, मुलीशी काय बोलायचं याबद्दल. न्यायाधीश तिला कदाचित चेंबरमध्ये बोलावून गप्पा मारतील. समज असलेल्या मुलाची इच्छा विचारात घ्यावी असं १८९० च्या कायद्यात आहे. सात वर्षांच्या मुलीच्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते न्यायाधीश ठरवतात. पुढे भेट झाली तर तिला काहीही पढवू नका. एकदा एका तेवढ्याच मुलानं चेंबरमध्ये हात मागे बांधून सांगितलं होतं, "मुझे मेरे वेलफेअर के लिए मम्मी के साथ रहना है." न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी आईला आत बोलावलं.

आदेश काहीही होवो, तो कायमचा नसतो. ताब्याचे आदेश परिस्थिती बदलली की बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकब प्रकरणात सांगून ठेवलं आहे. पण त्या भरवशावर पहिला अर्ज ढिला टाकू नका. तात्पुरती म्हणून बसलेली घडी मुलांच्या अंगवळणी पडते आणि मग ती मोडायला न्यायालयही कचरतं.

प्रश्न : मी सुदामा नगरचा, वय ३८. मुलगा चार वर्षांचा, पत्नीकडे आहे. कोर्टानं महिन्यातले दोन शनिवार एक-एक तास भेट दिली आहे, तीही कोर्टाच्या आवारात. पहिला अर्धा तास तो रडतो. सासरे समोरच्या बाकावर बसून असतात, तो सारखा त्यांच्याकडे पळतो. खेळणी नेली तर म्हणतात लाच देतो. मागच्या दोन वेळा मी गेलोच नाही. भेटीची वेळ वाढवून मागावी, की सोडून द्यावं?
— एक बाप, इंदूर

उत्तर : भाऊसाहेब, त्या दोन गैरहजेऱ्या तुम्हाला महागात पडतील. पुढच्या शनिवारी जा, आणि दहा मिनिटं आधी जा.

चार वर्षांचं पोर महिनाभर न पाहिलेल्या माणसाजवळ रडणारच, मग तो बाप का असेना. त्यात कोर्टाचं आवार. काळे कोट, गर्दी, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय. तिथे मलाच कधीकधी रडू येतं. तो तुमच्यावर रुसला आहे असं समजून तुम्हीच रुसलात, तर समोरच्या वकिलांना फारसं काम उरत नाही.

वेळ वाढवून मागता येते, जागाही बदलून मागता येते. पण त्याआधी ओळीनं पाच-सहा भेटी चुकवू नका. प्रत्येक भेटीनंतर वहीत दोन ओळी लिहा, किती वेळ रडला, कशानं गप्प झाला. मग अर्ज द्या की भेट सकाळच्या वेळी नेहरू पार्कसारख्या मोकळ्या ठिकाणी व्हावी, आणि आणून सोडणाऱ्यांनी तेवढा वेळ नजरेआड राहावं. सासऱ्यांवर एक अक्षरही लिहू नका. नातवाचं रडणं ऐकून त्यांना बाकावरून उठवत नसेल. व्हिडिओ कॉलही मागा. यशिता साहू प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं भेटीच्या हक्काबरोबर अशा संपर्काच्या हक्काचाही विचार केला आहे. दोन शनिवारांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीनदा तुमचा चेहरा दिसत राहिला, तर पहिला अर्धा तास आपोआप कमी होईल. शाळेची फी बँकेतूनच भरा आणि पावत्या ठेवा. ती दिली म्हणून भेट वाढते असं नाही, पण थकवलीत तर पहिला आक्षेप तोच येतो.

"आई काय म्हणते?" हे त्याला चुकूनही विचारू नका.

खेळण्यांबद्दल सांगते. माझ्या समोरच्या बाजूचा एक बाप होता. तो दर भेटीला तीच एक फाटकी सापशिडी घेऊन यायचा. तास संपला की डाव अर्धवट थांबवून दोघांच्या सोंगट्या कुठल्या घरात आहेत ते मुलीच्या हातून वहीत लिहून घ्यायचा. पुढच्या शनिवारी ती धावत यायची, कारण ती ७३ वर होती आणि बाप ४१ वर. मी त्याच्या विरुद्ध बाजूची वकील. त्याची वेळ वाढवायच्या अर्जाला मी विरोध लिहायला बसले आणि लिहिण्यासारखं फारसं काही सापडेना.

तुमच्या मुलाला सापशिडी अजून कळायची नाही. लाकडी ठोकळे न्या. दर वेळी नवे नकोत, तेच न्या.